नेत्राणीच्या समुद्रात जोडीदारासोबत

स्कूबा डायव्हिंगचे ओपन वॉटर हे प्राथमिक प्रमाणपत्र मिळाल्यानंतर मी आणि माझा मामेभाऊ बडोद्याहून कर्नाटकातील मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर डायव्हिंगसाठी गेलो. बडोद्यावरून केरळकडे जाणाऱ्या काही गाड्या कोकण रेल्वेने जातात, परंतु त्या सगळ्या मुर्डेश्वरला थांबतातच असे नाही. तिकीट काढण्यापूर्वी थांबे पाहावेत. पावसाळ्यात येथील डायव्हिंग बंद असते.

बोटीवर जोडीदाराची उपकरणे प्रत्यक्ष हात लावून तपासावीत. त्याचा ऑक्टोपस, म्हणजे दुसऱ्याला हवा देण्यासाठीचा जादा रेग्युलेटर, कोठे अडकवला आहे आणि वजनाचा पट्टा कसा सुटतो, हे आपल्याला न शोधता सापडले पाहिजे. रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणाऱ्या उपकरणातून, श्वास घेताना दाबमापकाचा काटा दर श्वासाला खाली जात असेल, तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पुरेसा उघडलेला नाही असे समजावे. खुणांची उजळणीही येथेच करावी, कारण वर केलेल्या अंगठ्याचा पाण्याखालचा अर्थ ‘वर चला’ एवढाच आहे आणि ‘सर्व ठीक’ सांगण्यासाठी अंगठा व तर्जनी जुळवावी लागतात.

सुमारे 14 मीटर खोलीवर पुढच्या डायव्हरच्या पायातील फिनचा धक्का लागून भावाचा मास्क सरकला, आत पाणी शिरले आणि त्याने डोळे मिटून घेतले. डोळे मिटलेल्या माणसाला हाताच्या खुणा दिसत नाहीत. निघण्यापूर्वी बडोद्याच्या तरणतलावात प्रशिक्षकासमोर सराव करताना आम्ही ठरवले होते की, दंड दोनदा दाबला की जागीच थांबून तोंडाने संथ श्वास घ्यायचा. मी एका हाताने त्याच्या बीसीडीचा (हवा भरून तरंगणे सांभाळणाऱ्या जॅकेटचा) पट्टा धरला आणि दंड दाबला. पट्टा धरणे फार महत्त्वाचे होते; त्या खोलीवर दाब सुमारे 2.4 बार असतो, आणि घाबरून श्वास रोखलेला माणूस झपाट्याने वर गेला तर फुप्फुसांतली हवा प्रसरण पावून फुप्फुसे फाटू शकतात. श्वास लयीत आल्यावर त्याने मास्कची वरची कड दाबून नाकाने हवा सोडली आणि पाणी काढले. मास्क साफ झाला तरी आम्ही पुढे गेलो नाही, कारण घाबरलेल्या माणसाची हवा लवकर संपते. 5 मीटरवर 3 मिनिटे थांबून दोघे वर आलो.

जोडीदार दिसेनासा झाल्यास मिनिटभर चहूकडे शोधावे, आणि तो सापडला नाही तर नियमानुसार वर यावे. त्यानेही तसेच करायचे, हे आधी ठरलेले असावे. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जात असल्याने तो कोणत्या दिशेने आला हे कळत नाही, त्यामुळे सिलिंडरवर ठोकून लक्ष वेधता आले तरी त्यावरून जोडीदाराला शोधता येईलच असे नाही. हवा संपल्याची खूण, म्हणजे गळ्यावरून आडवा फिरवलेला हात, दिसताच ऑक्टोपस द्यावा, एकमेकांचे पट्टे धरावेत आणि मिनिटाला 9 मीटरहून अधिक वेग न ठेवता सोबत वर यावे. हे सर्व दोन-तीन हातांच्या अंतरावरच शक्य आहे. कॅमेरा घेऊन माशांमागे एकट्याने जाणाऱ्याला जोडीदार असूनही नसल्यासारखाच असतो.

परतीचे विमान गोव्याहून असेल, तर एकाहून अधिक डायव्ह केल्यावर किमान 18 तास उड्डाण टाळावे. आम्ही रेल्वेने परतलो.