उशीवरचा आंबट वास

त्या सकाळी चार वर्षांच्या त्या मुलीची पाचवी शस्त्रक्रिया होती. दहा महिन्यांतली पाचवी. थिएटरच्या दाराशी आईनं तिला माझ्याकडे दिलं तेव्हा ती जीव खाऊन रडत होती, पण आवाज फुटत नव्हता. तोंडातून नुसती हवा येत होती.

माझ्याकडे येण्याआधी वर्षभर तिला दमा समजून वाफ दिली जात होती. आवाज घोगरा असूनही कुणी दुर्बिणीनं घसा पाहिला नव्हता. आम्ही पाहिला तेव्हा स्वरतंतूंवर तुतीच्या घोसासारखे पॅपिलोमा, म्हणजे चामखिळीसारख्या गाठी, लटकत होते. एचपीव्ही विषाणूच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे ते होतात. गाठी कर्करोगाच्या नसतात, पण या वयात श्वासाची वाट करंगळीपेक्षाही बारीक असते आणि ती बुजली की मूल गुदमरतं. मायक्रोडिब्रायडरच्या फिरत्या पात्यानं त्या खरवडून काढता येतात, पण वरून निरोगी दिसणाऱ्या आवरणातही विषाणू उरतो. म्हणून त्या परत येतात. हिच्या तर सहा-आठ आठवड्यांत यायच्या.

त्या दिवशी गाठी काढून झाल्यावर मी भूलतज्ज्ञांकडून आणखी दोन मिनिटं मागून घेतली. स्वरयंत्राचा मागचा भाग लालभडक, सुजलेला होता. पुढच्या कोपऱ्यात तर दोन्ही स्वरतंतू एकमेकांना चिकटू लागले होते. खरवडलेली जागा भरून येण्याऐवजी चिघळत होती. वर येणारं जठरातलं आम्ल तिला रोज भाजत असेल, तर भरणार कशी?

बाहेर येऊन विचारलं, "ताई, हिला उलट्या, आंबट ढेकर?"

"उलट्या नाहीत हो. पण सकाळी उशीला आंबट वास येतो. मी रोज अभ्रा बदलते. मला वाटलं, लाळच असेल."

शेजारून आजी म्हणाल्या, "अजून दुधाची बाटली तोंडात घेऊनच झोपते ती."

चार शस्त्रक्रिया मी केल्या होत्या आणि हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. याचं मला अजून वाईट वाटतं.

नाकातून अन्ननलिकेत बारीक नळी घालून 24 तासांची आम्लतपासणी केली. आम्ल वारंवार वर येत होतं. बालरोगतज्ज्ञांनी वजनाप्रमाणे ओमेप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध सुरू केलं. झोपतानाची बाटली बंद झाली आणि जेवण झोपेच्या दोन तास आधी आलं. बाटली सोडवायला आजींनाच सर्वांत जास्त कष्ट पडले.

त्याच दिवशी आईनं हळूच विचारलं, "मोबाईलवर वाचलं, हे बाळंतपणात आईकडून येतं. म्हणजे माझ्यामुळेच ना?"

मी तिच्याजवळ खाली बसले. हा विषाणू असंख्य लोकांच्या शरीरात येतो आणि बहुतेकांना कळतही नाही. ज्या आयांना तो असतो त्यांच्या फार थोड्या बाळांना हा आजार होतो. सिझेरियननंही तो हमखास टळत नाही. तुमच्या हातात काहीच नव्हतं, असं मी तिला सांगितलं. तिचा विश्वास बसायला बरेच दिवस गेले. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी सर्वाव्हॅक लस एचपीव्हीच्या कर्करोग घडवणाऱ्या 16 आणि 18 या प्रकारांबरोबर 6 आणि 11 यांच्यावरही आहे. मुलींच्या आयांशी बोलताना मी आता गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या जोडीनं या आजाराचंही नाव घेते.

पुढची शस्त्रक्रिया साडेपाच महिन्यांनी लागली. गाठी कमी होत्या आणि मागची सूज ओसरली होती. हे आम्लाच्या औषधामुळेच झालं, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. आम्ल गाठी निर्माण करत नाही, त्या विषाणूच्याच असतात आणि हा आजार कधी कधी आपणहून शांत होतो. आम्लावरच्या उपचारानंतर सुधारलेल्या अशा मुलांच्या मोजक्याच नोंदी वैद्यकीय लेखांत आहेत. पण आवाज बसलेलं मूल आलं की मी आता घसा पाहण्याआधी रात्रीचं जेवण, बाटली आणि उशी यांची चौकशी करते.

गेल्या तपासणीला मी काही विचारण्याआधीच आई म्हणाली, "अभ्रा आता आठवड्यातून एकदाच धुते, डॉक्टर."