बाळंतिणीच्या खोलीत एक रात्र

भाचीच्या साखरपुड्यासाठी नाशिकहून पुण्याला गेले होते. साखरपुडा कोथरूडला झाला, छान झाला. लिहायचंय ते त्यानंतरच्या रात्रीबद्दल.

माझं माहेर सदाशिव पेठेतलं. आमचा वाडा १९९४ साली पाडला, आता तिथे पाच मजली इमारत आहे. तेव्हापासून पुण्यात गेलं की आत्याकडे नाहीतर बहिणीकडे उतरायचं. या वेळी दोन्ही घरं पाहुण्यांनी भरलेली होती. कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्याचं हॉटेल झालंय, असं भाच्याने मोबाइलवर दाखवलं. दिंडी दरवाजा, चौक, सागवानी खांब. एका रात्रीचे ४,८०० रुपये. आमच्या वाड्यात बिऱ्हाडकरूंचं महिन्याचं भाडं बारा रुपये होतं, ते आठवून हात अडखळला. पण पुन्हा एकदा वाड्यात झोपायची ओढ जास्त होती.

जिल्हा न्यायालय स्थानकावर मेट्रो बदलून जमिनीखालून कसबा पेठेत वर आले, तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. तांबट आळीतून अजून ठोक्यांचा आवाज येत होता. पेशवाईपासून तिथे तांब्याची भांडी घडतात. लहानपणी आमचा पाणी तापवायचा बंब डागडुजीला तिथेच जायचा.

वाडा देखणा राखलाय, हे मनापासून सांगते. दिंडीतून वाकून आत शिरलं की देवडी, पुढे चौक, चौकाला चहूबाजूंनी ओसरी. खांब सुरूच्या झाडासारखे, वर निमुळते होत गेलेले. लाकडाला तेलपाणी केलेलं, फरशी थंडगार. काउंटरवरची मुलगी विशीबाविशीची, बोलायला गोड. तिने किल्ली दिली आणि म्हणाली, "काकू, तुम्हाला आमची गुहा दिलीये. सगळ्यात शांत खोली. दिवसासुद्धा मिट्ट काळोख असतो, पाहुण्यांना फार आवडते."

दार जेमतेम पाच फुटी. आत चारही बाजूंना अडीच फूट जाडीच्या मातीच्या भिंती, खिडकी एकही नाही. पलंगावरची गादी इतकी मऊ की बसलं की माणूस आत जायचं. एका कोपऱ्यात काचेची भिंत घालून न्हाणी केलेली. झोपायच्या खोलीत काचेची न्हाणी कुणाला हवी असते, मला खरंच कळत नाही. तांब्याचा एक जुना बंब कापून त्याचा दिवा केला होता आणि तो वरच्या तुळईतल्या लोखंडी कडीला टांगला होता. कड्या दोन होत्या, हातभर अंतरावर. दुसरी रिकामी.

त्या दुसऱ्या कडीवरून माझी नजर हलेना.

मग एकेक दिसायला लागलं. पलंगाच्या उशाशी भिंतीत कोनाडा होता. त्यात हॉटेलने अभिप्रायाचा कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. कोनाड्याच्या माथ्यावर वॉर्निश मारलेलं, पण त्याखाली काजळी स्पष्ट दिसत होती. न्हाणीत नव्या फरशीच्या मधोमध एक जुना काळा दगड तसाच ठेवलेला, पाणी जायला खाच असलेला. मी आत्याला व्हिडिओ कॉल लावला. आत्या ८४ वर्षांची आहे, दृष्टी अधू झालीये, पण आवाज खणखणीत.

"खोली कुठे आहे, चौकाला लागून?"

"नाही गं, आत. माजघराच्या मागे. पलीकडे स्वयंपाकघर असणार, तिथे आता त्यांचा भटारखाना आहे."

"खिडकी?"

"नाहीये."

"मोरी आत आहे का?"

"आहे. कोपऱ्यात, दगडाची."

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, बाळंतिणीची खोली आहे ती. कड्या पाळण्याच्या. आपल्याकडेही अश्शीच होती, तुझा बाबा तिथेच जन्मला."

आमच्या वाड्यातली ती खोली मी पाहिली होती, पण माझ्या आठवणीत ती अडगळीचीच. जुन्या गाद्या, फुटके पाट, दिवाळीचे आकाशकंदील. तिथे कोण कधी काय सोसून गेलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. त्या रात्री आत्या पाऊण तास बोलली. बाबांच्या जन्माच्या वेळी ती सात वर्षांची होती. सुईण आली, दार लागलं आणि आतून आजीचं ओरडणं ऐकू येत राहिलं. आत्याला माजघराच्या उंबऱ्याबाहेर बसवलं होतं. नंतरचे दहा दिवस सोयर. आजीला शिवायचं नाही, आत जायचं नाही. बाजेखाली शेगडी, तिच्या निखाऱ्यावर धुरी. त्या धुराने आजी खोकायची आणि आत्या दाराच्या फटीला डोळा लावून बसायची. निखारे पोचवायचं काम मात्र आत्याकडे. फावडीवर निखारे घेऊन यायचे, उंबऱ्यावर ठेवायचे आणि मागे सरायचं. आतून सुईण ते ओढून घ्यायची.

"पाचवीला सटवीची पूजा मांडली," आत्या सांगत होती. "कोनाड्यात कोरा कागद आणि टाक ठेवला. रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणायचे. सकाळी मी फटीतून पाहिलं, कागद कोराच. मी रडायलाच लागले, वाटलं आपल्या बाळाला नशीबच नाही."

फोन ठेवला आणि मी कोनाड्यातल्या कागदाकडे बघत बसले. मऊ गादीवर झोप येईना. शेवटी चादर खाली अंथरून जमिनीवर पडले. दिवा मालवल्यावर तिथे जो काळोख झाला, त्यात डोळे उघडे की मिटलेले तेही कळत नव्हतं. या काळोखात किती जणी दहा-दहा दिवस पडून राहिल्या असतील? त्यातल्या सगळ्या उठून बाहेर आल्या का? मला आजीची फार आठवण आली.

सकाळी चहा घेऊन रिक्षाने महात्मा फुले पेठेत गेले, पूर्वीच्या गंज पेठेत. फुलेवाडा शाळेच्या सहलीत पाहिला होता, त्यानंतर या वेळीच. याच घरात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. गरोदर राहिलेल्या विधवांनी इथे येऊन सुरक्षित बाळंत व्हावं, अशी पत्रकं गावात लावली. अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतलं. आवारात हौद आहे. १८६८ मध्ये जोतीरावांनी तो अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. वृंदावनापाशी त्यांची समाधी आहे.

हे सगळं शाळेत पाठ केलेलं, परीक्षेत लिहिलेलं. पण रात्र त्या खोलीत काढून तिथे उभं राहिल्यावर वेगळंच काही लक्षात आलं. माझ्या आजीसाठी निदान एक काळोखी खोली होती. सुईण होती, निखारे होते, दाराबाहेर वाट बघणारी पोर होती. विधवेला तेवढंही नव्हतं. तिच्या वाट्याला विहीर होती, नाहीतर रातोरात गाव सोडणं. गावातले असले वाडे तिच्यासाठी बंद असताना या लहानशा घराचं दार उघडं राहिलं. मी ओसरीवर बराच वेळ बसून होते. एक शाळकरी मुलगी आईला विचारत होती, "इथे दवाखाना होता का?" आई हो म्हणाली. मला ते उत्तर पटलं.

हॉटेलवर परतले ते तक्रार करायचीच असं ठरवून. त्या खोलीला गुहा म्हणू नका, हे सांगायचं होतं. काउंटरवरच्या मुलीला मी खोलीत नेलं, कड्या दाखवल्या, काजळी दाखवली, मोरीचा दगड दाखवला. ती वर बघतच राहिली. म्हणाली, "काकू, दीड वर्ष मी रोज या खोलीत येते. आम्हाला वाटलं, कड्या कंदिलाच्या." मग हळूच म्हणाली की तिच्या आजीचं गावही मावळात, तिथल्या घरातही अशी एक खोली आहे आणि तिथे आता कांदे साठवतात.

माझा राग तिथेच गेला. तिला कुणी सांगितलं नव्हतं, मलाही नव्हतं.

कोनाड्यातला कागद घेतला. 'खोली कशी वाटली?' असा प्रश्न वर छापलेला आणि खाली चार ओळींची जागा. मी पाठपोट लिहिलं. ही बाळंतिणीची खोली आहे, इथून सुरुवात केली आणि आत्याने सांगितलेलं आठवेल तेवढं उतरवलं. कागद तिच्या हातात न देता परत कोनाड्यात ठेवला.

नारायणगावला गाडी थांबली तेव्हा आत्याचा फोन आला. "पाळण्याच्या कड्यांचं लिहिलंस?"

"लिहिलं."

"निखाऱ्यांचं?"

"लिहिलं की."

"आणि धुरीत काय घालायचे ते?"

ते राहिलं होतं. मी हॉटेलला फोन लावला. तीच मुलगी होती. "सांगा काकू, कागदावरच खाली लिहून घेते," म्हणाली. मी सांगत गेले, ती लिहीत गेली: ओवा, बाळंतशेपा, वेखंड, लसणीच्या साली.