दोनदा कॅप बदलली, दोष निघाला हिरडीचा

आठवली की अजून लाज वाटते अशी एक केस. समोरचा वरचा दात, रूट कॅनाल फार जुनं, त्यावर मेटल-सिरॅमिकची कॅप. बाईंची तक्रार एकच, हसले की दात मेलेला दिसतो. कॅपच्या वर हिरडीशी करडी रेघ होती, मला वाटलं आतला मेटल दिसतोय, म्हणून झिर्कोनियाची, म्हणजे आत मेटल नसलेली पांढरी कॅप बसवली. रेघ तशीच. मग शेड चुकला म्हणून लॅबवाल्याला फोनवर चांगलं झापलं आणि परत करून घेतली, तरी तेच!

तिसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा काही बोलल्याच नाहीत, नुसता ओठ वर करून दाखवला. मी सहज प्रोब (हिरडी तपासायची बारीक सळई) हिरडीत घातला तर त्याचं स्टील हिरडीतून आरपार दिसलं. म्हणजे कॅपचा संबंधच नव्हता, दाताचं मूळ काळवंडलेलं आणि त्यावरची हिरडी कागदासारखी पातळ, त्यात ती दोन मिलिमीटर वर सरकलेली. हे पहिल्याच दिवशी बघायचं असतं हो, पण मी दाताकडेच बघत बसले.

आमच्या हिरड्यांच्या सर्जनना बोलावलं. ते म्हणाले, पातळ कापडाला अस्तर लावायचं, बस. आधी कॅप काढून टेम्पररी बसवली. मग त्यांनी टाळूतून, सुळ्याच्या मागच्या बाजूने, वरची कातडी जागेवर ठेवून आतला दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा काढला (आणखी मागे आणि खोल गेलं तर टाळूची मोठी रक्तवाहिनी असते, तिथे सगळे श्वास रोखून), हिरडीखाली छोटा बोगदा करून तो आत सरकवला, हिरडी जरा खाली ओढून केसासारख्या बारीक धाग्याने टाके घातले. तासभर गेला असेल. मी फक्त सक्शन धरून उभी.

बाईंना पुढचा दात दुखलाच नाही, टाळूच आठवडाभर हुळहुळत होती, पेशंट कायम हेच सांगतात. दोन आठवड्यांनी टाके काढायला आल्या तर तो भाग सुजलेला, पांढुरका, आणि त्या घाबरलेल्या, डॉक्टर आधीचंच बरं होतं का? खरं सांगते, मीही मनातून टरकले होते. पण सुरुवातीला असंच दिसतं, तुकड्याला नवीन रक्तपुरवठा मिळून रंग जुळायला वेळ लागतो, आणि हिरडी स्थिर झाल्याशिवाय माप घेतलं तर नव्या कॅपची कडा परत उघडी पडू शकते. म्हणून तीन महिने टेम्पररीवरच काढले. ब्रश तिथे किती दिवस नाही आणि नंतर कसा हलका फिरवायचा हे दर वेळी नव्याने सांगायचं.

तीन महिन्यांनी प्रोब घातला, काही दिसलं नाही. गुलाबी, जाड, शेजारच्या दाताच्या रेषेत हिरडी. माप पाठवलं. लॅबवाल्याचा फोन आला, जरा घाबरतच विचारत होता, मॅडम या वेळी शेड कुठला?

म्हटलं, मागचाच. आणि मागच्या वेळचं सॉरी.