वरचा पावटा

दसऱ्याच्या सुट्टीत सहावीतल्या लेकीला शाळेतून प्रयोग दिला होता. काचेचा ग्लास, जुनी फूटपट्टी आणि तिला दोऱ्यानं बांधलेले 3 पावटे. खालचा पाण्यात बुडालेला, मधला अर्धा ओला, वरचा कोरडा ठणठणीत. आम्हीही हेच केलं होतं. पट्टी तेवढी लाकडाची होती.

ग्लासाला जागा मिळाली ती देवघरात, घटाच्या शेजारी. घटातलं धान भराभर वर आलं, पिवळंधमक. "हे हिरवं का नाही?" लेकीनं विचारलं. उजेड नसला की हरितद्रव्य तयार होत नाही, कोंब उजेड शोधत नुसतेच लांब होतात, असं मी ऐटीत सांगितलं. लहानपणी हेच तुरे टोपीत खोचून बेळगावात घरोघर सोनं वाटत हिंडायचो, तेव्हा हे डोक्यावर होतं, डोक्यात नव्हतं.

वहीत बियांची नावं कन्नडमध्येही लिहायची होती. पावटा अवरे, हरभरा कडले, मूग हेसरु. आता हेसरु म्हणजे नावसुद्धा. पहिलीपासून 'निन्न हेसरु एनु?' घोकलेली पोर दिवसभर येईल त्याला विचारत सुटली, "तुमचा मूग काय?"

मधल्या पावट्याची साल आधी सुरकुतली, मग फुगून ताणली, आणि एका सकाळी फटीतून मुळाचं पांढरं टोक खाली वळलेलं दिसलं. लेक दर तासाला पट्टी उपसून बघायची. "अगं, पोळी आहे का ती, उलटून उलटून बघायला?" आई ओरडायची. खालच्याला बुडबुडे आले, मग वास. श्वासाला हवाच नाही म्हटल्यावर बी कुजणारच. वरचा होता तसाच. निष्कर्षात लेकीनं लिहिलं : वरचे बी रुजले नाही.

हे वाचून दाखवल्यावर आईला पटेना. तिचं माहेर येळ्ळूर, भाताचं गाव. "धूळवाफेचं भात पेरल्या पेरल्या उगवतंय होय? पाऊस नको पडायला?" मे सरता सरता कोरड्या मातीत पेरायचं आणि आभाळाकडं बघत बसायचं. हवा आहे, ऊब तर नको तेवढी आहे, पाणी तेवढं नाही. थोडं मुंग्या नेतात, थोडं पाखरं. उरलेलं पडून राहतं. म्हणजे आमच्या पट्टीवरचा वरचा पावटाच, फक्त एकरभर.

तिनं तो दोऱ्यातून सोडवला आणि मोरीजवळच्या कढीपत्त्याच्या कुंडीत बोटानं दाबला.

शाळा सुरू झाली, वही तपासून आली. त्याच आठवड्यात कुंडीत मान वाकवलेला कोंब दिसला, दोन्ही दळं डोक्यावर घेऊन. लेक खोडरबर शोधायला लागली. पण वही पेनानं लिहिलेली, खाली बाईंची लाल सही. शेवटी तिनं पेन्सिलीनं, बाईंना दिसू नये इतक्या बारीक अक्षरात, 'नाही'च्या आधी 'अजून' घुसवलं.