तुम्ही विचारलेत म्हणून: एवढ्या लहान मुलाला इनडोअर वॉटर पार्कमध्ये न्यावे का?

ज्यांच्या घरी नुकतेच चालू लागलेले मूल आहे, असे मित्र आणि नातेवाईक मला हा प्रश्न हमखास विचारतात. छताखालच्या वॉटर पार्कमध्ये दीड-दोन वर्षांच्या मुलाला नेण्यात काही अर्थ आहे का, आणि ते सुरक्षित असते का, असे त्यांना जाणून घ्यायचे असते. आमची मुलगी दीड वर्षाची असल्यापासून आम्ही तिला अशा ठिकाणी नेत आलो आहोत, त्यामुळे माझे उत्तर ‘जरूर न्या’ असेच असते. मात्र त्याला एक अट जोडलेली असते. नेणाऱ्या मोठ्या माणसाने तो सगळा वेळ घोट्याएवढ्या पाण्यात घालवण्याची मनापासून तयारी ठेवली पाहिजे. उंच घसरगुंड्या, लाटांचा तलाव, टायरवर बसून तरंगत जाण्याची नदी, यांतले काहीही या वयाच्या मुलासाठी नाही. त्याचा वॉटर पार्क म्हणजे तिथला सर्वांत उथळ कोपरा, आणि ज्याला तेवढ्यावर समाधान मानता येणार नाही, त्याने मूल थोडे मोठे होईपर्यंत थांबलेले बरे.

त्या कोपऱ्याला कमी लेखू नये, कारण मुलाच्या दृष्टीने तिथे पाहण्यासारखे अपार असते. चांगल्या पार्कमध्ये लहान मुलांच्या भागाला पायरी किंवा कठडा नसतो; जमीन समुद्रकिनाऱ्यासारखी हळूहळू उतरत जाते आणि पाणी शून्य खोलीपासून सुरू होते, त्यामुळे मूल स्वतःच्या पायांनी आत जाते आणि नको वाटले की स्वतःच मागे फिरते. जमिनीतून अचानक उसळणारी कारंजी, हात ठेवला की दिशा बदलणारी धार, चाक फिरवले की दुसरीकडून पडणारे पाणी, या गोष्टींत दोन वर्षांचे मूल विलक्षण गंभीरपणे गुंतते. आमची मुलगी एकाच कारंज्यापाशी उभी राहून पाणी थांबण्याची आणि पुन्हा येण्याची वाट पाहत असे, आणि ते आले की दरवेळी तितक्याच आनंदाने आमच्याकडे वळून पाहत असे. आपण केले की असे घडते, हे पाण्याइतके लगेच आणि इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे खेळणे मला माहीत नाही. अशा वेळी ‘चल, तिकडे आणखी मोठे आहे’ म्हणून तिला तिथून ओढून नेण्याचे काहीच कारण नसते.

आता सुरक्षिततेविषयी, आणि याबाबत मला कोणतीही सवलत द्यावीशी वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार २०२१मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतील जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. बुडणारे लहान मूल हाका मारत नाही. तोंड पाण्याखाली गेले की आवाज निघतच नाही. शिवाय या वयात डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे अगदी उथळ पाण्यात पालथे पडलेल्या मुलालाही डोके वर काढणे जमत नाही. म्हणून बालरोगतज्ज्ञ सांगतात, की मूल पाण्यात किंवा पाण्याजवळ असताना मोठ्या माणसाचा हात त्याच्यापर्यंत केव्हाही पोहोचला पाहिजे. काठावरच्या खुर्चीवरून नजर ठेवणे म्हणजे सोबत असणे नव्हे.

जीवरक्षक असतात ना, असे यावर अनेकजण म्हणतात. त्यांच्या कामाविषयी मला अतिशय आदर आहे. पुष्कळ पार्कमध्ये त्यांना असे शिकवलेले असते, की आपल्या वाट्याचे सगळे पाणी दहा सेकंदांत नजरेखालून घालायचे आणि कुणी अडचणीत दिसले तर वीस सेकंदांत तिथे पोहोचायचे. मोठ्या गर्दीत एवढे साधणे सोपे नाही. तरीही हे दोन आकडे मिळून अर्धा मिनिट होतो, आणि नाकातोंडात पाणी जात असलेल्या चिमुकल्यासाठी अर्धा मिनिट फार मोठा असतो. तो वेळ फक्त शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच वाचवता येतो.

मोठी माणसे अनेक असली म्हणजे मूल अधिक सुरक्षित असते, हाही समज मला धोक्याचा वाटतो, कारण मग प्रत्येकाला दुसरा पाहतो आहे असे वाटत राहते. आमच्याकडे एका वेळी एकाचीच जबाबदारी असते, आणि ती सोपवताना ‘आता तू बघ’ असे मोठ्याने म्हणायचे आणि समोरच्याने ‘हो, मी बघते’ असे उत्तर दिल्याशिवाय तिथून हलायचे नाही, असा नियम आहे. ज्याची पाळी असेल त्याचा फोन लॉकरमध्ये असतो. छायाचित्रे दुसऱ्याने काढावीत. दंडांना घालायचे हवेचे फुगे हे खेळणे आहे, ते निसटतात आणि त्यांतली हवाही जाते, म्हणून मुलाच्या वजनाला साजेसे, दोन पायांमधून पट्टा घेतलेले आणि प्रमाणित लाइफ जॅकेटच घ्यावे. ते घातल्यावरही हाताच्या अंतराचा नियम तसाच राहतो. कपड्यांचा रंगही विचारपूर्वक निवडावा, कारण फिकट निळा किंवा पांढरा पोशाख पाण्याखाली जवळपास दिसेनासा होतो, तर भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग लगेच डोळ्यांत भरतो.

छत असल्यामुळे ऊन आणि पाऊस टळतो, हा इनडोअर पार्कचा मोठा फायदा सांगितला जातो आणि तो बहुतांशी खराही आहे. ‘बहुतांशी’ म्हणण्याचे कारण असे, की काही ठिकाणी छतही ऊन आत घेते. जर्मनीत बर्लिनच्या दक्षिणेला, एअरशिप, म्हणजे वायूने भरलेली प्रचंड हवाई जहाजे, बांधण्यासाठी उभारलेल्या १०७ मीटर उंच हँगरमध्ये २००४मध्ये ट्रॉपिकल आयलंड्स हे इनडोअर वॉटर पार्क सुरू झाले. त्याच्या दक्षिण बाजूच्या आवरणाचा काही भाग तर अतिनील किरण आरपार जावेत अशाच पारदर्शक पटलाचा आहे. त्यामुळे पारदर्शक छत दिसले, तर मुलाच्या त्वचेची काळजी उघड्यावर घेतो तशीच घ्यावी.

परंतु छताखालची खरी अडचण हवेची आहे, आणि पालक याच गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष देतात. ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो, तो बहुधा क्लोरामाइनांचा असतो. पाण्यातला क्लोरीन आणि माणसांच्या अंगावरचा घाम, मळ व पाण्यात झालेली लघवी यांच्या संयोगातून ही रसायने तयार होतात. वास उग्र असेल तर पाणी स्वच्छ असल्याची ती खूण नव्हे. पुष्कळदा नेमके उलटे असते. क्लोरामाइनांचे वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे, वायुविजन अपुरे असेल, तर ते पाण्याच्या पृष्ठभागालगत साचून राहतात, आणि पाण्यात बसलेल्या लहान मुलाचे नाक तिथेच असते. मोठ्या माणसाला काही जाणवण्याआधी मुलाला खोकला सुरू होऊ शकतो, आणि दम्याची प्रवृत्ती असेल तर त्रास अधिक होतो. म्हणून दारातून आत शिरल्यावर मी प्रथम खाली बसून, मुलीच्या उंचीवरून श्वास घेऊन पाहते. डोळे चुरचुरले किंवा घशात खवखव झाली, तर आम्ही त्या दिवशी पाण्यात उतरत नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी मिनिटभर शॉवर घेतला, तरी अंगावरचा बराचसा मळ आणि घाम निघून जातो आणि क्लोरामाइने तयार व्हायला कच्चा माल कमी मिळतो. फलक लावलेला असतो, तरी बहुतेक लोक कोरड्या अंगानेच आत जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. हे काम आपण आपल्या मुलांपुरते नव्हे, सगळ्यांच्या मुलांसाठी करत असतो.

डायपरचेही तसेच आहे. साधा डायपर पाणी शोषून फुगतो आणि निरुपयोगी होतो. पोहण्यासाठीचा डायपर घट्ट शी थोडा वेळ धरून ठेवतो, पण लघवी आणि जंतू अडवू शकत नाही. तो निदान दर तासाला तपासावा आणि काठावर न बदलता बदलण्याच्या खोलीतच बदलावा. मुलाला जुलाब होत असतील, तर सहल निर्विवादपणे रद्द करावी. क्लोरीनमुळे पुष्कळ जंतू काही मिनिटांत मरतात, परंतु जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही सात दिवसांहून अधिक काळ जगू शकतो, आणि या वयाची मुले पाणी गिळतातच. मुले कारंज्याच्या छिद्रावरच बसकण मारतात. तिथून त्यांना हळूच उठवावे, कारण त्या पाण्यात अंगावरचे सगळे धुतले जाते आणि तेच पाणी फिरून पुन्हा वर येते. फवाऱ्यात क्लोरीनही लवकर उडून जातो.

थंडीचा विचार उबदार हॉलमध्ये कुणाच्या मनात येत नाही. वजनाच्या मानाने लहान मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते आणि पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेते, त्यामुळे आपल्याला कोमट वाटणाऱ्या पाण्यातही मूल लवकर गारठते. नीट चालवलेल्या ठिकाणी हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंशांनी गरम ठेवलेली असते, तरी ओल्या अंगावरून पाण्याची वाफ होताना गारवा लागतोच. ओठ निळसर दिसण्याची वाट पाहू नये. मूल गप्प झाले, मुठी आवळून उभे राहिले, की त्याला टॉवेलात गुंडाळून बाहेर घ्यावे. ऊब देण्यासाठी त्याला गरम पाण्याच्या टबात मात्र नेऊ नये. तिथले पाणी ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले असू शकते आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी ते मुळीच योग्य नाही.

आवाजाने घाबरणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. बंद हॉलमध्ये प्रत्येक किंकाळी भिंतींवर आदळून परत येते, आणि वर टांगलेली मोठी बादली भरून एकदम उलटी होते, तेव्हा काही हजार लिटर पाणी कोसळल्याचा आवाज मोठ्यांनाही दचकवतो. बादली उलटण्यापूर्वी सहसा घंटा वाजते. त्या घंटेशी मुलाची आधी दुरून, कडेवर घेऊन ओळख करून द्यावी, आणि तरीही ते रडले तर त्याला त्या बाजूला नेण्याचा आग्रह सोडावा.

घसरगुंडीबद्दल शेवटी सगळेच विचारतात. मोठ्या घसरगुंड्यांना उंचीची अट असते, अनेक ठिकाणी ती १०७ किंवा १२२ सेंटिमीटरची असते, आणि त्यात सूट मागू नये. लहान घसरगुंडीवर मुलाला मांडीत घेऊन बसणे अधिक सुरक्षित वाटते, पण तसे नसते. मोठ्या माणसाच्या वजनामुळे वेग वाढतो आणि मुलाचा पाय कडेला अडकला, तर त्याच्या नडगीचे हाड मोडू शकते. मुलाला एकट्याने बसता येईल इतकी छोटी घसरगुंडी असेल, तर तिच्या तळाशी आपण उभे राहावे. नसेल, तर घसरगुंडी पुढच्या वर्षांसाठी ठेवावी.

राहिली वेळ. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, पार्क उघडताच जावे, कारण तेव्हा गर्दी, गोंगाट आणि क्लोरामाइने तिन्ही कमी असतात आणि मुलाची झोपही झालेली असते. पाण्यात अर्धा तास, मग अंग कोरडे करून थोडे खाणे आणि विश्रांती, आणि मुलाचा उत्साह टिकून असेल तर पुन्हा अर्धा तास, एवढे या वयाला पुरते. तिकीट दिवसभराचे असले, तरी दुपारच्या झोपेची वेळ होण्याआधी आम्ही निघतो. अंघोळ घालून, कान मऊ टॉवेलने बाहेरून टिपून, कोरडे कपडे चढवायला वीसेक मिनिटे लागतात. ती मुलाची चिडचिड सुरू होण्याआधीच हाताशी असावीत.