ट्रॅक नंबर तीन

माझं काम जुन्या फिती डिजिटल करण्याचं. दादरला एका जुन्या इमारतीत पोटमाळ्याएवढी खोली आहे, तीत तीन डेक, एक स्पूल मशीन आणि बाराही महिने चालणारा एसी. एसी माझ्यासाठी नाही, कॅसेटींसाठी. मुंबईच्या पावसात फितीवर जी पांढरी बुरशी चढते, तिने किती घरांतली कीर्तनं आणि डोहाळजेवणं खाल्ली असतील, देव जाणे. रॉक बँड वर्षाकाठी एखादाच येतो.

जुलैतल्या एका शनिवारी दोघं जण आले. दोघंही साठीच्या अलीकडचे, एक बास वाजवणारे, दुसरे गायक. नव्वदीतला त्यांचा मराठी रॉक बँड. हातात एकच सी-९० कॅसेट.

"मॅडम, हिच्यात भूत आहे," बासवाले म्हणाले. "एका बाजूला ड्रम चिखलात पडल्यासारखे वाजतात, उलटवली की कोणीतरी जड आवाजात उलटं गातं. मुलगा म्हणतो, टाकून द्या."

मी विचारलं, "रेकॉर्डिंगला मशीन भाड्याने आणलं होतं का? चार फेडरवालं, आवाजाच्या चार सरकत्या खुंट्यांचं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणलं होतं. दोन रात्रींसाठी, तिघांच्या पगारातून.

साध्या कॅसेटवर दोन्ही बाजूंचे मिळून चार पट्टे असतात, दोन जाताना वाजतात, दोन उलटवल्यावर. १९७९ मध्ये टॅस्कॅम कंपनीने पोर्टास्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं मशीन काढलं ते हेच चारही पट्टे एका दिशेने वापरून, आणि आवाज स्वच्छ यावा म्हणून फीत दुप्पट वेगाने पळवून. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर साडेबावीस मिनिटंच मावतात, पण चार वेगवेगळे ट्रॅक मिळतात. तीच कॅसेट घरच्या डेकवर लावली की भूत दिसणारच.

माझ्या पोर्टास्टुडिओच्या रबरी पट्ट्याचं नेमकं डांबर झालेलं. मग साध्या डेकवर दोन्ही बाजू उतरवायच्या, दुसरी बाजू कॉम्प्युटरवर उलटी करायची, सगळ्याचा वेग दुप्पट आणि मग जुळवाजुळव. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. तेवढा वेळ चहा आणि गप्पा.

गप्पा म्हणजे कोण आलं, कोण गेलं. मुंबईच्या रॉक मशीन या बँडने १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड केलं, त्या सुमारास हे गिरगावातल्या एका चाळीत सुरू झालेले. रंगभवन या खुल्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसून इंग्रजी बँड ऐकायचे आणि घरी येऊन मराठी शब्द बसवायचे. चाळीत ड्रम म्हणजे बास ड्रममध्ये दोन उशा, तरी खालून काठीचे ठोके. मग लालबागला एक गाळा मिळाला, रविवारपुरता. पहिला ड्रमर बेंजो पार्टीतला. हात वाघाचा, पण गणपती आणि नवरात्रात माणूस गायब. दुसऱ्याची बँकेने नागपूरला बदली केली. एक गिटारवाला कॅनडाला गेला, एकाने लग्नानंतर गिटार विकून फ्रिज घेतला. चार जागांसाठी सात वर्षांत नऊ माणसं.

"भांडणं?" मी विचारलं.

"भांडायला वेळ लागतो हो. आम्हाला शेवटची विरार पकडायची असायची."

पण हे बोलताना बासवाले गायकांकडे बघत नव्हते. म्हणाले, "माणसं बदलली की आम्ही डीप पर्पल या ब्रिटिश बँडसारखं मार्क वन, मार्क टू मोजायचो. १९६८ ला त्यांचा गायक रॉड इव्हान्स होता. दुसऱ्याच वर्षी इयन गिलन आला. आता पहिला कोणाला आठवतो?" समोरचे आमचे गिलन चहात बिस्किट बुडवत होते. ते बुडालं.

दोन वेळा वाजवलेली फीत कधीच सारखी धावत नाही, दर काही सेकंदांनी सरकते. जुळवायला खूण लागते, ती मला गाण्याच्या ट्रॅकवर मिळाली. गाताना हेडफोनमधला आवाज माइकमध्ये पाझरतो. त्या पुसट ड्रमवर खरे ड्रम बसवत गेले. एकावर ड्रम आणि बास, दोनवर गिटार. चारवर गायक. एरवी असल्या ट्रॅकला मी गेट लावते, म्हणजे दोन ओळींच्या मधला पाझर कापला जातो.

तीन नंबर उघडला, तर तेच गाणं दुसऱ्याच गळ्यात. पातळ, जरा नाकातला, पण सुराला पक्का.

बासवाल्यांनी कप खाली ठेवला. "हा आमचा पहिला. पहिल्या रात्री हा गायला आणि पंधरवड्यात सोडून गेला. मशीन परत आणलं तेव्हा चार नंबर रिकामा होता, त्यावर याला गाऊन घेतलं. तीन पुसायचा राहिला." थोडं थांबून म्हणाले, "राहिला म्हणजे, मी नाही पुसला."

गायकांनी हेडफोन मागून घेतले. "फक्त माझा लावा." मी चार सोलो केला. पहिलं कडवं झालं, मधली मोकळी जागा आली आणि त्यांनी डोळे मिटले. मी फेडर वर नेला. त्या जागेत, ड्रमच्या पाठीमागे, तो पातळ आवाज पुढची ओळ आधीच उचलत होता.

"चाल नीट बसेना म्हणून याने मला त्याचा ट्रॅक कानात दिला होता," ते म्हणाले. "मी सगळीकडे सांगत आलो की ती तान माझी." दोघांनी तीन आणि चार आलटून पालटून ऐकले. श्वाससुद्धा त्याच जागी.

बासवाले म्हणाले, "तुझीच आहे रे आता."

"गप."

मिक्स कसं करायचं ते ठरलं नाही. दोन्ही आवाज ठेवायचे की एक, नावं कुठल्या क्रमाने, पहिल्याला शोधायचं कसं, यावर जिन्यात बराच वेळ बोलणं चाललेलं ऐकू येत होतं. ॲडव्हान्स द्यायला विसरले.

रात्री साडेदहाला गायकांचा मेसेज आला : चार नंबरला गेट लावू नका.