कुऱ्हाड ठेवली, टोपी घातली

दोन वर्षं डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या काल्पनिक साहसखेळात बार्बेरियन, म्हणजे रांगडा योद्धाच खेळले. डोकं बाजूला ठेवायचं, कुऱ्हाड चालवायची. आज पहिल्यांदा विझार्ड, म्हणजे जादूगार घेतला. पहिली लेव्हल, हाताशी दोनच स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या संधी (दोन्ही पहिल्याच खोलीत उडवले!), आणि हिट डाय, म्हणजे अंगात जीव किती ते ठरवणारा फासा, बारा बाजूंच्या डी-१२ वरून थेट सहा बाजूंच्या डी-६ वर. तरी सवयीने दाराशी सगळ्यांत पुढे मीच. गॉब्लिनचे दोन बाण लागले आणि मी आडवी. डेथ सेव्हला, म्हणजे मरणाच्या दारात टाकायच्या फाशाला, किमान १० हवे होते, फासा गडगडत जाऊन ७ वर थांबला. टेबलावर चिडीचूप. क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारी पुजारीण झालेल्या मैत्रिणीने हीलिंग वर्ड हा बरं करणारा मंत्र टाकला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तिला मी आजवर 'मलमपट्टीवाली' म्हणून चिडवायचे. आता महिनाभर ऐकवेल बहुतेक.